जंतांच्या बाई

खोली बघायला गेलो तेव्हा बाईंनी मला जात विचारली नाही, पगार विचारला नाही, मटण-मासे खाता का, तेही विचारलं नाही. अंगणात एका शेळीचं तोंड काखेत धरून, तिची खालची पापणी अंगठ्यानं ओढून त्या आत बघत होत्या. मान वर न करताच त्यांनी विचारलं, "जंतांचं औषध शेवटचं कधी घेतलंत?"

"कुणी, मी?"

"शेळीला विचारलं असतं तर तिनं उत्तर दिलं असतं का?"

लहानपणी कधीतरी घेतलं असेल, असं मी पुटपुटलो. बाईंनी शेळी सोडली, माझ्यासमोर आल्या आणि काही कळायच्या आत त्याच अंगठ्यानं माझी पापणी खाली ओढली. "फिकट आहे," त्या म्हणाल्या. "खोली मिळेल. भाडं महिन्याच्या महिन्याला द्यायचं, आणि औषध मी देईन तेव्हा घ्यायचं."

नव्वदीच्या दशकातली गोष्ट. पशुधन पर्यवेक्षक म्हणून माझी पहिलीच नेमणूक भिगवण-बारामती रस्त्याच्या आतल्या अंगाला असलेल्या एका गावात झाली होती. गावाच्या एका बाजूला कालव्याचं पाणी, ऊस आणि जर्सी गायी. दुसऱ्या बाजूला माळ, बाभळी आणि शेळ्या. लोक मला पहिल्या दिवसापासून "डॉक्टर" म्हणायला लागले आणि मीही हळूहळू त्या हाकेला ओ द्यायला लागलो होतो. बाईंनी मात्र शेवटपर्यंत तसं म्हटलं नाही. "तुम्ही डॉक्टर नाही, सुपरवायझर आहात," त्या म्हणायच्या. "नसलेली पदवी लावून घेतली की माणसाला विचारायची लाज वाटायला लागते."

बाई गावच्याच शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या होत्या. निरोपसमारंभात पंच शाल-श्रीफळ घेऊन उभे राहिले, तेव्हा बाईंनी हात मागे घेतले म्हणे. "शाल मला आहे, नारळ देवाला चढवतात, मला नाही. द्यायचंच असेल तर विज्ञानाच्या कपाटातला तो मोडका सूक्ष्मदर्शक द्या." शाळेला तसाही त्याचा उपयोग नव्हता, त्यात गांधीलमाशीनं घर केलं होतं. बाईंनी तो पुण्याला नेऊन दुरुस्त करून आणला, पडवीत टेबलावर मांडला आणि त्याच्याखाली गावातल्या झाडून सगळ्या जनावरांचं शेण आणि लेंड्या बघायला सुरुवात केली. तेव्हापासून पाठीमागं त्यांना सगळे "जंतांच्या बाई" म्हणत. समोर नुसतंच "बाई."

यजमान एसटीत कंडक्टर होते, ते जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा पुण्यात नोकरीला. घरात बाई, एक म्हैस, थोड्या शेळ्या, आणि पडवीपलीकडच्या दोन खोल्यांत आम्ही दोन भाडेकरू: मी आणि गावचा ग्रामसेवक. औषध पाजायच्या दिवशी बाई यजमानांचा खाकी कोट अंगावर चढवायच्या, म्हणजे लुगड्यावर शिंतोडे उडत नसत. तो कोट दिसला की शेळ्या मिळेल त्या वाटेनं पळायच्या. एकदा यजमानांचे जुने सहकारी, ड्यूटीवरून तसेच, बाईंची विचारपूस करायला आले. फाटकात खाकी दिसल्याबरोबर सगळ्या शेळ्या कुंपण ओलांडून ग्रामपंचायतीपर्यंत गेल्या. ते बिचारे पाणी न पिताच शेळ्या गोळा करायला लागले, आणि त्यांना जवळ येताना बघून शेळ्या आणखी पुढं गेल्या.

बाईंचा सगळा भर झाडपाल्यावर होता. पळसाच्या बिया, वावडिंग, कडुनिंबाचा पाला, डाळिंबाची साल. उन्हाळ्यात पळसाच्या शेंगा वाळल्या की रविवारी आम्हा दोघा भाडेकरूंना पिशव्या देऊन मोरगावकडच्या माळावर पाठवायच्या. बिया भिजवायच्या, टरफलं काढायची, वाळवायच्या, कुटायच्या. आणि जनावराला द्यायच्या आधी प्रत्येक गोष्ट स्वतः चाखायच्या. "मला पचलं नाही ते मुक्या जनावराच्या घशात का ओतू?" पळसाच्या बियांची मात्रा त्यांनी अशीच ठरवली. एका सकाळी परसातल्या संडासातून त्यांचा मोठ्यानं आवाज आला, "सुपरवायझर! मात्रा जास्त झाली!" मी अंगणात दात घासत होतो. थोड्या वेळानं पुन्हा आवाज, "बरीच जास्त झाली!"

पण त्यांच्याकडं कुणी चमत्काराच्या आशेनं आलं, की त्याची खैर नसे. "अंगारा हवा असेल तर घर चुकलात. आमच्या वडिलांनी धर्म बदलला तेव्हाच घरातले देव नदीत सोडून दिले. माझ्याकडे पळस आहे. आणि तो लागू पडतो की नाही, हे मला अजून नीट ठाऊक नाही." हे शेवटचं वाक्य त्या जरा जास्तच मोठ्यानं म्हणायच्या. लोकांना ते आवडत नसे. औषध देणाऱ्यानं असं बोलायचं नसतं, अशी गावाची समजूत होती.

लागू पडतं की नाही, हे ठरवायची त्यांची एकच रीत. निम्म्यांना द्यायचं, निम्म्यांना द्यायचं नाही, आणि बघत बसायचं. हे मला कळलं ते स्वतःच्या पोटावरून. दर रविवारी सकाळी बाई आम्हा भाडेकरूंना गुळाची एकेक गोळी द्यायच्या. माझी कडू-तिखट लागायची. ग्रामसेवक मात्र जिभल्या चाटत म्हणायचा, "काय गोड औषध आहे हो! मला तर फरक पडायला लागला. भूक वाढली, झोप सुधारली." कचेरीत सगळ्यांना तो बाईंच्या गोळीचं माहात्म्य सांगत हिंडायचा, इंदापूरच्या आपल्या साहेबांनाही त्यानं गोळी सुचवली होती. पावसाळा सरल्यावर एके दिवशी बाईंनी आम्हाला समोर बसवून सांगितलं, "तुम्ही वावडिंगात होतात, सुपरवायझर. आणि तुम्ही, भाऊसाहेब, नुसत्या गुळात."

"नुसत्या गुळात?" ग्रामसेवकाचा चेहरा पडला.

"नुसत्या गुळात."

"मग माझी झोप कशानं सुधारली?"

"ते तुमचं तुम्हाला माहीत."

"निदान आम्हाला सांगायचं तरी," मी म्हणालो.

"सांगितलं असतं तर तुमचं पोट दुखायला लागलं असतं; यांनी तर न सांगताच उधारीवर भूक आणली. माणसावर प्रयोग करण्यात अर्थ नाही. माणसं बोलतात." दोन दिवस ग्रामसेवक त्यांच्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी तो माझ्याकडं आला आणि हळूच म्हणाला, "बाईंना विचारा ना, गुळाची गोळी चालू ठेवता येईल का?"

सूक्ष्मदर्शकातून बघायला कुणालाही मोकळीक होती. बाईंचं म्हणणं, आपल्या शेळीच्या पोटात काय चाललंय ते मालकानं स्वतःच्या डोळ्यानं बघावं. एकदा एक पैलवान गडी मोठ्या ऐटीत खुर्चीवर बसला, एक डोळा मिटून नळीला लावला आणि "आयायाया!" करत मागं कोसळला. "बाई, केवाड्या काळ्या अळ्या हायत! वळवळत्यात!" बाईंनी काच काढून बघितली. अजून तिच्यावर काही ठेवलंच नव्हतं. गडी स्वतःच्याच पापण्यांचे केस बघून घाबरला होता. त्याला पुढं गावात "पापण्या" असंच नाव पडलं.

त्या वर्षी पाऊस बरा झाला होता. भाद्रपदात कालव्याच्या कडेचं ओलं गवत माजलं आणि शेळ्या त्यावर तुटून पडल्या. मग एकेक शेळी मागं राहायला लागली. अंगात रक्त नाही, केस राठ, जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबावी तशी सूज. जंतांचीच ती लक्षणं. आमच्या वस्तीशेजारी तात्यांचा मोठा कळप होता. त्यातली काही करडं गेली. तात्या माझ्या दवाखान्यात आले. दवाखान्याच्या कपाटात तेव्हा बँडेज, टिंक्चर आणि जखमेवरचं जांभळं औषध, एवढंच होतं. जंतांचं औषध वरून आलंच नव्हतं.

"मागणी केलीय, तात्या," मी म्हणालो.

"मागणी पाजू का शेळ्यांस्नी?"

आम्ही दोघं बाईंकडं गेलो. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "देते. पण निम्म्या कळपाला पळसाची बी, निम्म्याला नुसतं ताक."

"आन् ताकवाल्यांनी मरायचं?"

"तात्या, बी लागू पडते हे मला माहीत असतं, तर सगळ्यांना दिली नसती का? मला माहीत नाही. कदाचित बी खाल्लेल्याच मरतील."

तात्यांनी माझ्याकडं वळून विचारलं, "बाई औषीद देत्यात का भ्या दावत्यात?"

पण दुसरा इलाज नव्हता. तात्या कबूल झाले. दुसऱ्या दिवशी शेळ्यांच्या वाड्याच्या कुंपणाला एक फट ठेवून त्यातून एकेक शेळी बाहेर सोडली. एकीच्या गळ्यात लाल रिबीन, पुढचीच्या पांढरी, पुन्हा लाल, पुन्हा पांढरी. लाल म्हणजे पळस, पांढरी म्हणजे ताक. तात्यांची लाडकी शेळी होती राणी. दर वेताला जुळी देणारी, हाकेला मान वळवणारी. तिच्या वाट्याला पांढरी आली. तात्यांचं तोंड उतरलं. त्यांच्या बायकोला, आक्कांना, एका शिंगाची चंद्री प्यारी. तिला लाल मिळाली तशा आक्का गालातल्या गालात हसल्या.

औषध पाजायचं होतं दुसऱ्या दिवशी सकाळी. बाई खाकी कोट घालून आल्या. दोन कळशा भरल्या होत्या, दोन्हींत हळद घालून रंग सारखा केलेला, त्यामुळं कुठल्या कळशीत काय आहे हे बाईंशिवाय कुणाला कळत नव्हतं. मी एकेका शेळीची मान धरत होतो. बाई आधी तिचा कान उलटून आत बघायच्या, मग बांबूच्या नळकांड्यानं बेतानं घोट घोट पाजायच्या. तात्या एका बाजूला समाधानानं उभे होते. आक्का दुसऱ्या बाजूला तितक्याच समाधानानं उभ्या होत्या. मला ते दोघांचं समाधान जरा विचित्रच वाटलं.

परत येताना बाई म्हणाल्या, "गाठी बघितल्यात का?"

"कसल्या?"

"रिबिनींच्या. मी साधी गाठ मारली होती. राणीच्या आणि चंद्रीच्या गळ्यात आज फूल काढलंय. शाळेत आक्कांच्या पोरींच्या वेण्यांना असंच फूल असायचं. म्हणजे काल संध्याकाळी आक्कांनी रिबिनी बदलल्या. पण चंद्रीला तर मी लालच बांधली होती. मग बदलायची गरज आक्कांना का पडली?"

मी विचार केला. "कारण तोवर ती पांढरी झाली होती."

"कारण तात्यांनी आधीच राणीची पांढरी चंद्रीला बांधली होती. नवऱ्यानं बदलली, बायकोनं पुन्हा बदलली. ज्याची त्याला परत मिळाली, तात्यांनी आज राणीच्या गळ्याकडं पुन्हा बघितलंसुद्धा नाही, आणि दोघंही खूश आहेत." बाई इतक्या हसल्या की चष्मा काढून पदरानं डोळे पुसावे लागले.

"पण बाई, उद्या आणखी कुणी बदलल्या तर?"

"बदलू देत. रिबिनी माणसांसाठी असतात, सुपरवायझर. शेळ्यांची खूण मी कालच कानात करून ठेवलीय. तुमच्याच दवाखान्यातलं जांभळं औषध."

माझ्या कपाटातली बाटली निम्मी कशी झाली, ते मला तेव्हा कळलं.

नंतर रोज बाई लेंड्या गोळा करून आणायच्या आणि पडवीत बसून नळीत डोळा घालायच्या. लाल गटाच्या लेंड्यांत जंतांची अंडी कमी दिसायला लागली होती. अगदी गेली नव्हती, पण कमी होती. बाईंचा चेहरा खुलायला लागला. एका दुपारी, सकाळी घरच्या शेळ्यांना औषध पाजताना चढवलेला कोट तसाच अंगात ठेवून, त्या काच पुसत स्वतःशीच काहीतरी गुणगुणत असताना तात्या धावत आले. धोतराचा सोगा सुटलेला, पागोटं हातात.

"बाई, राणी पडली. उठंना झालीया. म्या तिला लाल बांधली हुती, तरी आशी कशी पडली वो?"

त्यांच्या मागोमाग आक्का आल्या होत्या. "कवा बांधली तुमी लाल? ती तर चंद्रीची हाय. म्या परत बांधली तिला."

"म्हंजी तू काढलीस व्हय राणीची?"

"तुमी माज्या चंद्रीची काढली तवा कोन बोललं?"

"गप्प!" बाई ओरडल्या. हा आवाज शाळेतला होता. तात्या आणि आक्का दोघंही हात खाली सोडून सरळ उभे राहिले; मीसुद्धा राहिलो. बाईंनी खालच्या आवाजात सांगितलं, "राणीला बी मिळालेली नाही. तिला नुसतं ताक मिळालंय."

तात्या मटकन खाली बसले. मग ते म्हणाले, "मंग आता द्या की बी."

"आता नाही. पडलेल्या जनावरावर मी प्रयोग करणार नाही. जे नक्की लागू पडतं तेच तिला द्यायचं. सुपरवायझर, मोपेड काढा. बारामतीला जायचं."

झाडपाल्याच्या बाई कंपनीचं औषध आणायला निघाल्या. गावात कळू नये म्हणून त्यांनी डोक्यावरून पदर घेऊन तोंड पार गुंडाळून घेतलं, आणि खाकी कोट काढायचं मात्र विसरल्या. वाटेत काटेवाडीत भाजी भरणाऱ्या टेम्पोवाल्यानं हाक मारली, "बाई, कुठं निघाला?" बारामतीच्या पेठेत शिरलो तर पानाच्या टपरीवरून, सायकलच्या दुकानातून, रसवंतीतून एकच गजर, "बाई! बाई!" सगळे त्यांचेच विद्यार्थी. औषधाच्या दुकानात काउंटरमागं उभा होता तोही. मी चिठ्ठी दिली तसा तो बाईंकडं बघत दुकानभर ऐकू जाईल असं म्हणाला, "काय बाई! तुमी आन् कंपनीचं जंताचं औषध?"

बाईंनी पदर खाली केला. "हळू बोल. पाढे म्हणताना एवढा आवाज कधी निघाला नाही तुझा."

परत येऊन मी राणीला औषध दिलं. बाईंनी तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं. ती गिळते की नाही, एवढंच त्या बघत होत्या. गुळाचं पाणी, पेज, मऊ पाला, सगळं त्यांनी स्वतःच्या हातानं भरवलं. दिवस मावळेपर्यंत त्या वाड्यातून हलल्या नाहीत. मी म्हणालो, "बाई, घरी चला. आता वाट बघण्याशिवाय काही करता येणार नाही."

"ताक मी दिलं होतं," त्या म्हणाल्या. एवढंच. त्यांच्या आवाजात मास्तरीण कुठंच नव्हती. दोन दिवस त्यांनी सूक्ष्मदर्शकावरचं फडकं काढलं नाही.

राणी तिसऱ्या दिवशी आपल्या पायांवर उभी राहिली आणि आठवड्यात चरायला लागली. तात्यांनी चहाच्या टपरीवर, पारावर, सोसायटीच्या दारात एकच कथा लावली: बाईंनी मेलेली शेळी उठवली. मी मध्ये पडलो. "तात्या, अहो औषध कंपनीचं होतं. तुमच्या समोर बाटली फोडली मी."

"बाटली कंपनीची व्हती," तात्या म्हणाले, "पर मांडी बाईंची व्हती."

ऐकणाऱ्यांना हे पूर्ण पटलं. एकानं तर असंही सांगितलं, की बाईंनी वाटेतच बाटलीतलं औषध ओतून दिलं आणि आत पळस भरला. त्यानं ते टेम्पोतून बघितलं होतं.

बाईंच्या कानावर हे गेलं तेव्हा त्या संतापानं लाल झाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी डेअरीवर दूध घालायला सगळं गाव किटल्या घेऊन रांगेत उभं असताना त्या तिथं पोचल्या, एका उलट्या कॅनवर चढून उभ्या राहिल्या आणि वर्गात सांगावं तसं सांगितलं. "ऐका. राणी माझ्या औषधानं बरी झाली नाही. दुकानातल्या औषधानं झाली. पळसाची बी थोडीफार लागू पडते. लहान करडांना जरा जास्त, मोठ्या शेळ्यांना कमी. आजारी पडलेल्या जनावराला ती पुरत नाही. जनावर पडलं तर दवाखान्यात जायचं. कळलं?"

मग मागून एक म्हातारा हात जोडून म्हणाला, "मोठेपना बगा बाईंचा. केलं आन् केलं म्हनत न्हायत."

त्या दिवसापासून बाईंकडं गर्दी सुरू झाली. त्या नाही म्हणतील तेवढी वाढायची. लासुर्ण्याकडून, भिगवणहून, पार वरच्या माळावरून माणसं यायची. बाई प्रत्येकाला आधी खुर्चीवर बसवून नळीतून बघायला लावायच्या, करडांसाठी बियांची पूड द्यायच्या आणि मोठ्या जनावराला सरळ माझ्याकडं पाठवायच्या. माझ्याकडंही एव्हाना वरून औषध आलं होतं. पण लोक म्हणायचे, "डॉक्टर, बाईंनी सांगितलंय तेच द्या." आणि मी देत असलेलं औषध बाईंच्या नावानं लागू पडायचं.

एकदा मोरगावकडचा एक शेतकरी एसटीतून शेळी मांडीवर घेऊन आला. शेळी म्हणजे नुसता हाडांचा सापळा. बाईंनी लेंडी तपासली, पापणी बघितली, पुन्हा तपासली. "हिला जंत नाहीत," त्या म्हणाल्या. "ही उपाशी आहे."

"आसं कसं? औषीद द्या."

"चरायला सोडता का?"

"शेजाऱ्याशी भांडान हाय. त्याच्या रानात जाती म्हनून दारात बांधून ठिवलीय. कडबा टाकतो की."

"शेळी आहे ती, बैल नाही. सोडा तिला."

"ते हाय, पर औषीद?"

बाई नाही म्हणाल्या. तो पायरीवर बसून राहिला. दुपार झाली, परतीची एसटी गेली, तो उठेना. शेळी त्याच्या धोतराचा काठ खायला लागली. शेवटी बाई परसात गेल्या, शेवरीची एक मोठी डहाळी तोडून आणली आणि त्याच्यासमोर धरली. "हे घ्या औषध. सकाळी एवढं, संध्याकाळी एवढं."

त्यानं डहाळी उलटसुलट करून बघितली. "आमच्या बांधाला ही लय हाय."

"मग तुमच्या बांधालाच दवाखाना आहे."

"ज्यादा दिलं तर?"

"ज्यादा लागू पडेल. पण पथ्य आहे. हे औषध चालू असताना शेळी दारात बांधायची नाही. रोज मोकळी हिंडवायची."

तो तृप्त होऊन गेला. मी हसलो तशा बाई माझ्यावर डाफरल्या, "खोटं काय बोलले मी? भुकेवरचं औषधच आहे ते."

काही महिन्यांनी तो परत आला, एसटीतून उतरून शेळीला दोरी लावून, चालवत. शेळीच्या अंगावर तकाकी होती आणि पोट दोन्हीकडं सुटलेलं. त्यानं बाईंच्या पायावर डोकं ठेवायला वाकून बघितलं. बाईंनी पाय मागं घेतले. "बाई, काय तुमचं औषीद! नुसती भरलीच न्हाय तर गाभन ऱ्हायली. दोन वर्सं कोरडी हुती वो!"

"ती माझ्या औषधानं गाभण राहिली नाही," बाई शांतपणे म्हणाल्या. "तुमच्या शेजाऱ्याच्या बोकडानं राहिली."

पण ऐकतो कोण. एसटीत बसल्यापासून उतरेपर्यंत तो काय सांगत गेला असेल, ते आम्हाला पुढच्याच आठवड्यात कळलं. फाटकात एक धिप्पाड बाई येऊन उभी राहिली. मागं एक काटकुळी तरुण पोरगी, डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढलेला. बरोबर शेळी नव्हती.

मी पडवीतून विचारलं, "जनावर कुठं आहे?"

"जनावर न्हाय," ती बाई म्हणाली. "माजी सून हाय. लग्नाला तीन वर्सं झाली, कूस उजवंना. तुमच्याकडं औषीद हाय म्हनत्यात."

मला वाटलं, आता आभाळ कोसळणार. बाई उठल्या, चष्मा नीट केला, आणि सासूला एक शब्द न बोलता सुनेसमोर जाऊन उभ्या राहिल्या. अंगठ्यानं तिची पापणी खाली ओढली. बराच वेळ बघत राहिल्या. मग तिचं मनगट हातात घेतलं. बांगड्या कोपरापर्यंत सरकत गेल्या.

"जेवतेस का?" त्यांनी विचारलं.

पोरगी सासूकडं बघायला लागली.

"तिच्याकडं बघू नको, माझ्याकडं बघ. कधी जेवतेस?"

"समद्यांचं झाल्यावर," पोरगी म्हणाली. आवाज जेमतेम ऐकू आला.

"काय उरतं?"

पोरगी पायाच्या अंगठ्यानं माती उकरायला लागली.

बाई खुर्चीवर येऊन बसल्या. डेअरीवर कॅनवर चढून खरं सांगणाऱ्या बाई आता काय सांगतात, इकडं माझं लक्ष होतं. त्यांनी हाताची घडी घातली आणि सासूला म्हणाल्या, "आधी दोघांनाही इंदापूरच्या सरकारी दवाखान्यात दाखवायचं. सुनेला आणि मुलाला. दोघांना, कळलं? माझं औषध त्याच्या जोडीनं चालतं. पण माझ्या औषधाला पथ्य फार कडक आहे. झेपेल का?"

"सांगा की. समदं करू."

"सकाळी दोन भाकरी, डाळ, पालेभाजी, तांब्याभर दूध. संध्याकाळी तेच. घरात सगळ्यांच्या आधी हिनं जेवायचं. आणि वाढायचं तुम्ही, स्वतःच्या हातानं. दुसऱ्या कुणी वाढलं की औषध उतरतं."

"म्या वाढायचं?" सासूनं डोळे मोठे केले.

"तुम्हीच. ही जेवून उठेपर्यंत समोर बसायचं, आणि बोलायचं नाही. बोललात की त्या दिवसाचं औषध वाया गेलं."

सासूनं सगळं बोटांवर मोजून पाठ करून घेतलं. उठली, पदर सावरला, फाटकापर्यंत गेली आणि परत वळली. "बाई, दिस गेल्यावर पथ्य सोडलं तर चालंल ना?"

"छे," बाई म्हणाल्या. "नातवंड शाळेत जाईपर्यंत."

तेव्हा त्या पोरीनं पहिल्यांदा मान वर केली. बाईंकडं बघितलं, आणि पदराचं टोक घाईघाईनं तोंडावर धरलं. सासूला वाटलं, तिला रडू आलंय. मी पडवीत होतो, मला दिसत होतं. ती हसत होती.